पारणे

"आज कशाचा उपास?" हा प्रश्न आमच्या तिसगावात कोणी कोणाला विचारला तर त्यात नवल नसते. सोमवार असतो, गुरुवार असतो, चतुर्थी असते, एकादशी असते. नवरात्र आले की मोहट्याच्या गडावर घटी बसणाऱ्या बायकांची रीघ लागते. उपास करणाऱ्या बाईकडे घरात आणि गल्लीत आदराने पाहिले जाते. तिला कोणी जेवणाचा आग्रह करीत नाही. तिच्यासाठी भगर वेगळी शिजते. मी जवळजवळ दोन वर्षे या आदराच्या आडोशाला लपून काढली. बाहेरून पाहणाऱ्याला ते व्रत वाटले. प्रत्यक्षात तो आजार होता, आणि तो आजार आहे हे सर्वांत शेवटी मला कळले.

वार्षिकांकासाठी लेख द्यायचा ठरला तेव्हा प्रथम वाटले, काहीतरी स्त्रीशिक्षणावर किंवा पावसाच्या लहरीपणावर लिहावे. पण आपल्या वर्गांत बाकावर बसणाऱ्या मुलींकडे पाहिले की कोणाचा तरी 'रोजचा उपास' माझ्या लक्षात येतो. म्हणून हे लिहीत आहे. नाव छापू नये एवढीच अट संपादकांना घातली आहे. ती भित्रेपणाची वाटली तर वाचकांनी क्षमा करावी.

अकरावी-बारावीसाठी मी परगावी वसतिगृहात राहिले. स्नेहसंमेलनातील नृत्यासाठी पोशाखाचे माप घेत असताना कोणीतरी हसत म्हणाले, "हिला दीडपट कापड लागणार." सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या रात्री जेवले नाही. वाक्य अगदी साधे होते आणि बोलणारीच्या मनात काही वाईटही नसावे. परंतु त्यानंतर मी सोमवार धरला. मग गुरुवार धरला. मग चतुर्थी, मग शुक्रवार. पुढे पुढे आठवड्यात उपासाचे दिवस जास्त आणि जेवणाचे कमी झाले. 'पोट बिघडले आहे', 'घरून खाऊन आले', 'आज इच्छा नाही' ही वाक्ये उरलेल्या दिवसांना पुरत. दोष मी कोणाला देत नाही. असे वाक्य शंभर मुलींना ऐकावे लागते आणि त्यातल्या बहुतेक ते विसरून जातात. मला विसरता आले नाही, एवढेच.

आपल्याकडे एक म्हण आहे, 'एकादशी अन् दुप्पट खाशी'. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि रताळ्याचा कीस खाऊन ढेकर देणाऱ्यांसाठी ती थट्टेने वापरतात. माझ्या बाबतीत ती थट्टा राहिली नाही. दिवसभर पाण्यावर काढलेल्या मुलीला रात्री अकरा वाजता बिस्किटांचा पुडा सापडला की तो संपेपर्यंत हात थांबत नसे. अंधारात, कोणी पाहत नाही असे बघून, चव न घेता खायचे. आणि मग लाजेने, रागाने, भीतीने दुसऱ्या दिवसाचा उपास आणखी कडक करायचा. तो कडक उपास पुन्हा रात्री मोडायचा. या चक्रात अभ्यास गेला, मैत्रिणी गेल्या, महिन्याची पाळी बंद झाली, केस गळू लागले, मे महिन्यात थंडी वाजू लागली. शेवटी एके दिवशी एस. टी. स्टँडवर चक्कर येऊन पडले, म्हणून नगरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचले. (आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण तोंडातून अजून नगरच येते.)

तोपर्यंत मला सर्वांनी विचारलेला प्रश्न एकच होता: काय खाल्लेस? डॉक्टरांनी वेगळा विचारला: "दिवसातला किती वेळ जेवणाचा विचार करतेस?" मी खरे उत्तर दिले. झोपेचा वेळ सोडून सगळा.

या आजाराला नाव आहे, तेही जुने आहे. 1873 साली लंडनचे सर विल्यम गल आणि पॅरिसचे लासेग या दोन वैद्यांनी, स्वतःहून अन्न टाकणाऱ्या तरुण मुलींचे वर्णन वेगवेगळे केले. गल यांनी दिलेले 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव आजही चालते. उपाशी राहणे आणि अनावर खाणे यांच्या चक्रात सापडून ते खाल्लेले बाहेर टाकण्याचा किंवा भरून काढण्याचा प्रयत्न करणाऱ्यांचे वर्णन 1979 साली लंडनच्याच रसेल यांनी 'बुलिमिया नर्व्होसा' या नावाने केले. म्हणजे हा काही कालपरवा मोबाईलमधून आलेला रोग नाही. मोबाईलने त्याला खतपाणी घातले, हे मात्र खरे.

आता तुम्ही म्हणाल, आणि माझ्या चुलत्यांनीही हेच म्हटले होते, की ही श्रीमंतांची दुखणी आहेत. पाथर्डी तालुक्यात त्यांचे काय काम? जिथे दसरा-दिवाळीनंतर निम्मी गल्ली कोयता घेऊन ऊसतोडीला जाते, जिथे पाऊस करंजी घाटाच्या पलीकडेच थांबतो की काय असे वाटते, तिथे पानात असलेले न खाणे म्हणजे निव्वळ माज. हा आक्षेप मला फार लागला होता, कारण तो मला पटत होता. त्याचे उत्तर मला पुस्तकात सापडायच्या आधी आजीत सापडले.

आजी 1972 च्या दुष्काळात बारा-तेरा वर्षांची होती. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात आणि राज्यभर दुष्काळी कामे निघाली. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात या कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. आजी आईबरोबर मातीच्या पाट्या वाहायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. त्या भाकरीचा विषय निघाला की आजीचे तोंड आजही वाकडे होते. पण मी सांगणार आहे ते त्यानंतरचे. आजीच्या घरात पुढे विहिरीला पाणी आले, बाजरीची पोती लागली, लेकरांची लग्ने झाली. तरी रोज रात्री निजण्यापूर्वी ती टोपल्यातल्या भाकरी मोजते. फडक्यात एक कोरडी भाकर बांधून उशाशी ठेवते. सकाळी ती शेळीला घालते आणि रात्री दुसरी बांधते. पन्नास वर्षे झाली. लहानपणी आम्ही नातवंडे या सवयीला हसायचो.

डॉक्टरांनी मला अमेरिकेतल्या एका प्रयोगाची हकीकत सांगितली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे समजून घेण्यासाठी, मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुण स्वेच्छेने घेतले. सैन्यात लढण्यास ज्यांनी तत्त्व म्हणून नकार दिला होता, असे हे तरुण होते. 1945 साली त्यांना 24 आठवडे नेहमीच्या सुमारे निम्म्या आहारावर ठेवले. ही मनाने खंबीर माणसे. पण काही आठवड्यांत ती दिवसभर अन्नाबद्दलच बोलू लागली. पाककृतींची पुस्तके वाचू लागली. ताटात पाणी ओतून जेवण लांबवू लागली, ताटे चाटू लागली. थट्टा-मस्करी संपली, माणसे एकलकोंडी झाली, उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली. प्रयोग संपून पोटभर अन्न मिळू लागल्यावरही पुष्कळांना कित्येक महिने पोट भरल्याची जाणीवच होत नव्हती. जेवून उठले तरी भूक तशीच.

हे ऐकले आणि मला एकाच वेळी दोन माणसे दिसली. एक, भाकरी मोजणारी आजी. दुसरी, वसतिगृहात पांघरुणाखाली तासन् तास मोबाईलवर बिर्याणीच्या कृती पाहणारी, मैत्रिणींना आग्रहाने वाढणारी आणि स्वतः न खाणारी मी. आजीच्या उपाशीपणाला दुष्काळ कारण होता, माझ्या उपाशीपणाला एक वाक्य. पण कारण काय आहे हे शरीर विचारत नाही. भूक लादलेली असो की ओढवून घेतलेली, ती माणसाला अन्नाच्या विचाराला जुंपते. चुलत्यांना मी आता हेच सांगते. हा माज असता तर मला अन्नाचा विसर पडला असता.

मग प्रश्न येतो उपासाचा. मी हे सारे लिहिते म्हणजे मी व्रतवैकल्यांविरुद्ध आहे, असा अर्थ कोणी कृपया काढू नये. उलट आपल्या व्रतांकडे नीट पाहिल्यावरच मला माझा आजार कळला. व्रताला संकल्प असतो आणि पारणे असते. एकादशी कितीही कडक करा, द्वादशीला पारणे फेडल्याशिवाय ती पुरी होत नाही. भागवतातील अंबरीष राजाची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. द्वादशीची घटका सरत आली, दुर्वास ऋषी स्नानाला गेलेले परतेनात. पाहुण्याच्या आधी जेवावे तर अपमान, आणि न जेवावे तर व्रतभंग. राजाने पाणी पिऊन पारणे साधले. म्हणजे शाप पत्करावा लागला तरी चालेल, पण उपास वेळेवर सोडलाच पाहिजे असे मानणारी ही परंपरा आहे. कीर्तनात आपण दुर्वासांचा कोप आणि सुदर्शन चक्र लक्षात ठेवतो. राजाने कशासाठी एवढा धोका घेतला ते विसरतो.

मोठ्या उपोषणांचेही तसेच. 1932 साली 20 सप्टेंबरला गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू केले आणि 26 तारखेला, रवींद्रनाथ ठाकूर समोर असताना, संत्र्याच्या रसाने सोडले. त्या उपोषणाच्या राजकारणावर वाद आहे आणि राहील. मला येथे इतकेच दाखवायचे आहे की त्याला हेतू होता, साक्षीदार होते आणि शेवट होता. आपल्या जिल्ह्यातील राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांचे ऑगस्ट 2011 मधील दिल्लीचे उपोषण सगळ्या देशाने पाहिले. रोज डॉक्टर तपासत होते. 28 ऑगस्टला दोन लहान मुलींच्या हातून नारळपाणी आणि मध घेऊन ते सुटले आणि तेथून त्यांना रुग्णालयात नेण्यात आले.

माझ्या उपासाला साक्षीदार नव्हता, कारण तो लपवण्यासाठीच होता. हेतू रोज पुढे सरकत होता. काट्याने एक आकडा दाखवला की दुसरा हवासा वाटे. आणि पारणे नव्हते. रात्री अंधारात जे खात होते त्याला पारणे म्हणता येत नाही, कारण ते सोडणे नव्हते, मोडणे होते. आपल्या शेजारची एखादी मुलगी उपास करते आहे की आजारी आहे, हे ओळखण्याची मला सापडलेली खूण हीच आहे. तिच्या उपासाला पारणे आहे का, ते पाहा. दुसऱ्या दिवशी ती चारचौघांत बसून आनंदाने जेवते का, ते पाहा.

अन्नाच्या शुद्धतेचे वेड हाही याच घराण्यातला प्रकार आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांना लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ठाऊक असतातच. टिळक पतिपत्नींचे नगरशी असलेले नातेही आपल्याला अभिमानाने सांगितले जाते. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना, घरावर आलेल्या आपत्तीच्या धक्क्यातून, सोवळ्याचे असे विलक्षण वेड लागले की बाजारातून आलेली वस्तू, अगदी मीठ-साखरसुद्धा, धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. त्या प्रकरणाची विनोदी शैली आपण परीक्षेत लिहितो. त्या घरात वाढणाऱ्या लहान पोरांच्या पोटाचे काय होत असेल, हे आजारी पडल्यानंतर मी प्रथमच मनात आणले. आजचे सोवळे वेगळे आहे. साखर विष, भात विष, तेल विष, रात्रीचे जेवण विष, असे सांगणारे गुरू मोबाईलमध्ये दर तासाला भेटतात. मधुमेही माणसाला त्याच्या डॉक्टरांनी घालून दिलेले पथ्य निराळे. परंतु सतरा वर्षांच्या, वाढत्या अंगाच्या पोरीने पन्नाशीच्या गृहस्थाचे पथ्य उचलले तर त्याला आरोग्य म्हणता येणार नाही.

असो. आजार लागला कसा हे सांगणे सोपे असते. त्यातून बाहेर येऊन पुन्हा अन्नाशी सरळ नाते जोडणे अवघड, आणि त्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. लोकांना वाटते, मुलगी 'खायला लागली' की बरी झाली. खरे म्हणजे खायला लागल्यावर निम्मा आजार शिल्लक असतो.

डॉक्टरांनी प्रथम रक्त तपासले आणि बजावले की फार दिवस उपाशी राहिलेल्याने एकदम भरपूर खाणे धोक्याचे असते. रक्तातील क्षार ढळतात आणि हृदयावर ताण येतो. म्हणून थोडे थोडे, त्यांच्या देखरेखीखाली. मग नियम सांगितले. दिवसातून तीन जेवणे आणि मधे दोन वेळा थोडे काही, दर तीन-चार तासांनी, भूक असो वा नसो. कारण तुझी भूक अजून खरे बोलत नाही. कोणताही पदार्थ वर्ज्य नाही. वजन घरी करायचे नाही. दवाखान्यात काट्याकडे पाठ करून उभे राहायचे. आणि मनाचा उपचार करणाऱ्या बाईंकडे दर आठवड्याला यायचे. मला वाटले होते मोठे औषध मिळेल. मिळाले ते घड्याळ.

ते घड्याळ आजीने चालवले. बारावीनंतर मी तिसगावी परत आले होते. आजीला आजाराचे इंग्रजी नाव घेता येत नाही, पण उपाशी माणसाला अन्नावर कसे आणतात हे तिने दुष्काळात पाहिले होते. सकाळी चुलीपुढे पाट टाकायची. "बस. चतकोर खा. समदी खा म्हणत न्हाई मी." बाजरीची चतकोर भाकर, मुगाचे वरण, तुपाचा थेंब. ताटाकडे ती बघत नसे. माझ्यासमोर स्वतःचे ताट घेऊन जेवत असे आणि बोलणे भलतेच काढत असे. कोणाची म्हैस व्याली, बाजारात माळव्याचा काय भाव निघाला. माझ्या आयुष्यात 'काय खाल्लेस' हे न विचारता माझ्याबरोबर जेवणारे ते पहिले माणूस. चतकोराची अर्धी झाली, अर्धीची एक झाली, याला सहा-सात महिने लागले.

मधे घसरणेही झाले. मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेतून रेवड्या आणल्या होत्या. रंगपंचमीच्या रात्री मी त्यांची अख्खी पिशवी संपवली. रडून रडून झोपले आणि सकाळी ठरवले की आता दोन दिवस काही नाही. आजीने नेहमीच्या वेळी पाट टाकला. मी म्हटले, "रात्री खूप झालं, आज नको." ती म्हणाली, "रातीचं रातीला गेलं. सकाळची भाकर सकाळी खायची." उपचार करणाऱ्या बाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या की, मी तुला चार महिने जे शिकवते आहे ते आजींनी एका ओळीत सांगितले. जास्त खाल्ल्याची फेड उपाशी राहून करायची नाही. फेड करायला गेले की चक्र पुन्हा सुरू होते. तोल म्हणजे मला एवढेच समजले आहे. रोज मापात खाणे हा तोल नव्हे. एखादे दिवशी जास्त झाले, एखादे दिवशी कमी झाले, तरी पुढचे जेवण आपल्या वेळी होणे, हा तोल.

खरी परीक्षा नवरात्रात आली. डॉक्टरांनी निदान दोन वर्षे एकही उपास करू नको असे सांगितले होते. आई मोहटादेवीला फार मानते. "नऊ दिवस नको, पण उठता-बसता तरी धर. घरात देवी बसल्यावर तू भाकरी खायची म्हणजे कसं?" आईच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्या आजारपणात तिने देवीला काय काय बोलले असेल ते मला ठाऊक नव्हते. तिच्या दृष्टीने मी बरी झाले ती देवीमुळे, आणि आता मी देवीचाच उपास मोडणार. आजी माजघरातून म्हणाली, "देवीला उपाशी पोर काय करायचीय? हातीपायी धड पोर घेऊन जा तिच्या म्होरं." आईला ते पटले असे मी म्हणणार नाही. दोन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. पण दसऱ्याला पुरणपोळी झाली तेव्हा तिने पुरुषांच्या पंगतीतच माझे ताट मांडले. आमच्या घरात अशी रीत नव्हती.

त्या दिवशी जेवताना मला दुसरीच गोष्ट दिसली. मी पंगतीला बसले होते, पण आई बसली नव्हती. सगळ्यांचे झाल्यावर ती चुलीशी, पातेल्याच्या तळाशी उरलेल्या कटाच्या आमटीत पोळी कुस्करून, उकिडव्याने चार घास खाऊन उठली. ती रोजच तशी जेवते. मी ते वीस वर्षे पाहत होते आणि मला ते दिसले नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (2019-21) महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे 54 स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याची कारणे पुष्कळ आहेत. पण बाईने मागून आणि उरलेले खायचे, स्वतःच्या भुकेला शेवटचा नंबर द्यायचा, आणि तसे करील ती चांगली, हा धडा आपण मुलींना चमच्याने भरवतो. मग त्यातली एखादी मुलगी तो धडा टोकाला नेते आणि आपण चकित होतो. मुलीचे अन्नाशी नाते सुधारायचे असेल तर तिच्या आईचे ताटही चुलीपासून उठून पंगतीत आले पाहिजे. आमच्या घरी आता आठवड्यातून दोन-तीन दिवस ते येते. रोज येत नाही. आईला अजून अवघडल्यासारखे होते.

आता महाविद्यालयातील मित्रमैत्रिणींना आणि गुरुजनांना माझी विनंती. भाषण नको, एक-दोन साध्या गोष्टी करू या. भेटल्याबरोबर 'जाड झालीस', 'वाळलीस' असे म्हणणे सोडू या. 'बारीक झालीस, छान दिसतेस' हेही. मी सर्वांत जास्त आजारी होते तेव्हाच मला हे कौतुक सर्वांत जास्त ऐकायला मिळाले. स्नेहसंमेलनातील फिशपॉंडमध्ये अंगावरून केलेली थट्टा वाचली जाऊ नये. ज्यांना ती लागते ते हसतात, म्हणून लागली नाही असे समजू नये. मुलांनीही हे आपले नाही असे मानू नये. भरतीसाठी धावणारे, वजनासाठी पाणी तोडणारे, छातीसाठी कसल्याशा पावडरी खाणारे आपल्यात कमी नाहीत. हा आजार पुरुषांना होतो, फक्त ते सांगत नाहीत. गुरुजनांनी शिबिरात किंवा सहलीत सतत 'उपास' असलेल्या, जेवणाच्या वेळी नाहीशा होणाऱ्या, वर्गात बसल्या जागी गारठणाऱ्या मुलीची बाजूला घेऊन विचारपूस करावी. रागावू नये, आणि 'खा गं' म्हणून ताट पुढे ढकलू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही विनामूल्य मानसिक आरोग्य सेवा 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. फोन करायला आजार फार वाढलेला असावा लागत नाही.

मी आज पूर्ण बरी आहे का? बहुतेक दिवस आहे. काही दिवस ताटाकडे पाहून जुना हिशेब मनात सुरू होतो. तेव्हा मी घड्याळाकडे पाहते आणि जेवायला बसते. पुढे कधी मी एकादशी करीन की नाही, सांगता येत नाही. केली तर द्वादशीच्या सकाळी सर्वांच्या आधी पारण्याला बसेन. आणि आजी? ती अजूनही रात्री भाकरी मोजते. आम्ही आता हसत नाही. हल्ली ती मोजून झाली की मला हाक मारते, "बघ गं, बरोबर हायेत का." मी टोपल्यात डोकावते आणि म्हणते, "पुष्कळ आहेत, आजी. निजा आता."

(एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला)